सुगीच्या वर्षांचा हिशेब

उदयोन्मुख अर्थव्यवस्थांविषयीची भाकिते दर दशकात बदलतात. या देशांचे भवितव्य मात्र त्यांनी भरभराटीच्या वर्षांत काय केले, यावरच ठरत आले आहे. भारताने हा इतिहास आताच वाचायला हवा.

मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी भारताने जपानला मागे टाकल्याचे व तो जगातील चौथ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाल्याचे जाहीर केले आणि राजधानीत आकड्यांचा वाद पेटला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ज्या तक्त्याचा आधार त्यासाठी घेण्यात आला होता, त्यात दोन्ही देशांचे आकडे ४.१९ लाख कोटी डॉलरच्या आसपास होते. त्यांतील अंतर नगण्य होते आणि ते आकडेही संपूर्ण वर्षाचा अंदाज म्हणून दिलेले होते. सरकारच्या समर्थकांनी या क्रमांकाचा गौरव केला, तर टीकाकारांनी जपानचे दरडोई उत्पन्न ३० हजार डॉलरहून अधिक आणि भारताचे तीन हजारांहूनही कमी असल्याची आठवण करून दिली. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. परंतु त्या गदारोळात अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. वेगाने वाढू लागलेले देश पुढे तसेच वाढत का राहत नाहीत, हा तो प्रश्न होय. गेल्या २५ वर्षांत या प्रश्नाची उत्तरे अनेकांनी दिली. त्यांतील बहुतेक उत्तरे इतिहासाने दुरुस्त केली.

नाव कोणी दिले?

‘उदयोन्मुख बाजारपेठा’ हे नाव राज्यशास्त्रातून आलेले नाही, तसेच ते विकासाच्या अर्थशास्त्रातूनही आलेले नाही. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करणारे डच अर्थतज्ज्ञ आंत्वान व्हॅन आग्टमाएल यांनी १९८१ मध्ये ते रूढ केले. विकसनशील देशांच्या शेअर बाजारांत पैसा गुंतवणारा निधी त्यांना उभारायचा होता. ‘तिसऱ्या जगाचा निधी’ या नावाने तो कोणी घेणार नाही, असे गुंतवणूकदारांच्या बैठकीत त्यांना ऐकावे लागले. म्हणून आशादायक वाटेल असे नवे नाव शोधण्यात आले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मेक्सिकोने आपण कर्जफेड करू शकत नसल्याचे जाहीर केले आणि लॅटिन अमेरिकेचे संपूर्ण दशक कर्जाच्या ओझ्याखाली वाया गेले.

हे नाव अजूनही गुंतवणूकदारांच्याच हाती आहे. दक्षिण कोरिया हा श्रीमंत, औद्योगिकदृष्ट्या प्रगत देश एमएससीआय या निर्देशांक कंपनीच्या वर्गवारीत वर्षानुवर्षे ‘उदयोन्मुख’च राहिला. ग्रीसला २०१३ मध्ये विकसित देशांच्या पंक्तीतून खाली आणून ‘उदयोन्मुख’ ठरवण्यात आले. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाला तर या यादीतूनच वगळले गेले. ही वर्गवारी पैसा आत नेणे व बाहेर काढणे किती सुलभ आहे याची असते. त्या देशातील नागरिकाचे जीवनमान कोठवर जाईल, याविषयी तिच्यात फारसे काही नसते. शासनकर्ते मात्र तिलाच प्रगतिपुस्तक समजू लागतात आणि तेथून घोटाळ्यास आरंभ होतो.

भाकीत आणि वास्तव

‘ब्रिक’ हा शब्दही असाच जन्माला आला. गोल्डमन सॅक्सचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी नोव्हेंबर २००१ मधील एका टिपणात ब्राझील, रशिया, भारत आणि चीन या चार देशांची आद्याक्षरे एकत्र केली. २००३ मध्ये त्याच संस्थेच्या डॉमिनिक विल्सन आणि रूपा पुरुषोत्तमन यांनी २०५० पर्यंतचे चित्र मांडले. चार दशकांच्या आत हे चार देश मिळून तत्कालीन सहा बड्या औद्योगिक देशांहून मोठे होतील, चीन २०१५ पर्यंत जपानला मागे टाकील आणि भारत तीस वर्षांत अमेरिका व चीन वगळता सर्वांच्या पुढे जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

चीनने २०१० मध्येच जपानला मागे टाकले, म्हणजे तेथे भाकीत मागे पडले आणि देश पुढे गेला. भारतही अपेक्षित मार्गावरून फारसा ढळला नाही. ब्राझील आणि रशिया यांची कहाणी मात्र उलट झाली. ब्राझील अर्धशतकभर सरासरी ३.६ टक्क्यांनी वाढेल, असे गृहीत धरण्यात आले होते. २०११ ते २०२० या दशकात ही सरासरी अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहिली. रशियाच्या अर्थव्यवस्थेचा २०१३ मधील डॉलरमधील आकार त्या देशाला पुढील दहा वर्षांतही ओलांडता आला नाही. गोल्डमन सॅक्सने आपला ‘ब्रिक’ निधी २०१५ मध्ये दुसऱ्या निधीत विलीन करून टाकला. गंमत अशी, की ज्या शब्दाने गुंतवणूकदारांची निराशा केली, त्याला राजनयाने आधार दिला. २००९ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे या देशांची पहिली शिखर परिषद झाली. पुढे दक्षिण आफ्रिका आली आणि २०२४-२५ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती व इंडोनेशिया हेही गटात आले.

येथे भाकीत करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये. २००३ च्या त्या अहवालात स्थूल आर्थिक स्थैर्य, सक्षम संस्था, खुला व्यापार आणि शिक्षण या चार अटी स्पष्ट नमूद केल्या होत्या. आलेख सर्वांनी पाहिला, अटी फारच थोड्यांनी वाचल्या.

दोन पक्ष

या प्रश्नावर अर्थतज्ज्ञांत दोन पक्ष आहेत आणि दोघांपाशीही भक्कम पुरावा आहे. लँट प्रिचेट व लॅरी समर्स यांनी २०१४ मधील शोधनिबंधात असे दाखवले, की एखाद्या देशाच्या मागील दशकातील वेगावरून पुढील दशकाचा वेग जवळपास सांगता येत नाही. अतिवेगवान वाढीचे पर्व साधारण नऊ वर्षे टिकते आणि नंतर देश जागतिक सरासरीकडे, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांकडे घसरतात. चीन हा या नियमाचा मोठा अपवाद ठरला. परंतु अपवादाच्या भरवशावर इतरांनी नियोजन करू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

दुसरीकडे देव पटेल, जस्टिन सँडफर आणि अरविंद सुब्रमण्यन यांनी असे दाखवून दिले, की १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गरीब देश सरासरीने श्रीमंत देशांहून अधिक वेगाने वाढले. त्यापूर्वीच्या तीन-चार दशकांत असे घडले नव्हते. दरी बुजण्याची प्रक्रिया संथ आहे, पण ती खरी आहे.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर त्यांत विसंगती उरत नाही. गरीब देशांचा समूह पुढे सरकतो आहे, मात्र त्यातील कोणता देश कधी थबकेल याची शाश्वती नाही. जागतिक बँकेच्या २०२४ च्या विकास अहवालानुसार १९९० पासून मध्यम उत्पन्नाच्या पायरीवरून उच्च उत्पन्नाच्या पायरीवर चढलेल्या अर्थव्यवस्था फक्त ३४ आहेत, आणि २०२३ अखेर मध्यम उत्पन्न गटात १०८ देश होते. त्याच अहवालाचा अंदाज असा, की सध्याचा कल कायम राहिल्यास अमेरिकेच्या दरडोई उत्पन्नाचा चौथा हिस्सा गाठायला चीनला दहा वर्षांहून थोडा अधिक, इंडोनेशियाला सुमारे ७० आणि भारताला सुमारे ७५ वर्षे लागतील. मग थबकणाऱ्यांत आणि चढून जाणाऱ्यांत फरक कोणता? संकटे तर दोघांवरही आली. फरक दिसतो तो सुगीच्या वर्षांतील वर्तनात.

पेव भरणारे आणि रिते करणारे

ब्राझीलचे उदाहरण बोलके आहे. २००३ नंतर चीनच्या मागणीमुळे लोहखनिज आणि सोयाबीन यांचे भाव चढले आणि २०१० मध्ये ब्राझीलचा वाढदर साडेसात टक्क्यांवर गेला. ‘बोल्सा फामिलिया’ या योजनेतून गरीब कुटुंबांना रोख मदत मिळू लागली. मुलांची शाळेतील हजेरी आणि लसीकरण या तिच्या अटी होत्या आणि तिचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अर्धा टक्का एवढाच होता. देशाला रुतवले ते या योजनेने नव्हे. निवृत्तिवेतन हा सरकारी खर्चातील सर्वांत मोठा बोजा झाला होता आणि अनेक कर्मचारी पंचावन्नच्या आसपास निवृत्त होत होते. तिजोरी भरलेली असताना तो प्रश्न हाती घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. भाव उतरल्यावर २०१५ व २०१६ या सलग दोन वर्षांत अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून अधिक आकसली आणि अध्यक्ष डिल्मा रुसेफ यांना महाभियोगाद्वारे पद सोडावे लागले. निवृत्तीचे किमान वय पुरुषांसाठी ६५ व स्त्रियांसाठी ६२ करणारी सुधारणा अखेर २०१९ मध्ये झाली. जे काम भरल्या घरात सहज झाले असते, ते मंदीत, कटुता पत्करून करावे लागले.

रशियाने तेलाचा पैसा जपून ठेवला, हे मान्य करायला हवे. २००४ मध्ये त्याने स्थिरीकरण निधी उभारला आणि मोठी गंगाजळी साठवली. परंतु तेल व वायूवरील अवलंबित्व कमी करण्याचे काम झाले नाही. २०२२ मध्ये युद्ध छेडल्यावर पाश्चात्त्य देशांनी त्याची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, तेव्हा परदेशी चलनातील साठ्याची मर्यादाही उघड झाली. चीनने सुगीत रस्ते, बंदरे व कारखाने उभे केले. पण कुटुंबांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आतच राहिला आणि बचतीचा ओघ घरबांधणीत गेला. २०२१ मध्ये एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीने कर्ज थकवल्यावर त्या व्यवसायाचा डोलारा डळमळला. २०२२ पासून तर देशाची लोकसंख्याच घटू लागली.

याउलट चिलीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. या देशाचे उत्पन्न तांब्यावर अवलंबून. २००१ पासून तेथे असा नियम झाला, की अर्थसंकल्पातील उत्पन्न तांब्याच्या चालू भावावर न मोजता, स्वतंत्र तज्ज्ञ समितीने ठरवलेल्या दीर्घकालीन भावावर मोजायचे. भाव चढले की अधिकचा पैसा आपोआप बाजूला पडे. अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांनी तेजीत पैसा सोडण्यास नकार दिला, तेव्हा २००८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोर्चात त्यांच्या पुतळ्याचे दहन झाले. काही महिन्यांतच जागतिक मंदी आली आणि त्याच साठ्यातून चार अब्ज डॉलरचा मदत कार्यक्रम उभा राहिला. काल ज्यांना दूषणे मिळत होती, त्यांची लोकप्रियता शिगेला पोहोचली. अर्थात चिलीची कहाणी तेथे संपत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढवल्यावर सारा देश रस्त्यावर उतरला. पेव भरलेले असणे आवश्यक आहे. पण त्यातले धान्य कोणाच्या ताटात जाते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

वॉशिंग्टनचा शब्द, दिल्लीची धावपळ

सुगी आपल्याच कष्टाची आहे, असा समज करून घेणे ही उदयोन्मुख देशांची जुनी चूक. अमेरिकेत व्याजदर खाली असले की जगभरातील पैसा या देशांत येतो, आणि आलेला पैसा आपल्या धोरणाचे यश म्हणून मिरवला जातो. २२ मे २०१३ रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी होऊ शकते, एवढेच सूचित केले. ऑगस्टअखेर रुपया डॉलरमागे ६८ च्या पलीकडे घसरला. २०१२-१३ मध्ये भारताच्या चालू खात्यातील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के झाली होती. मॉर्गन स्टॅन्लीने ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका व तुर्कस्तान यांच्यासह भारताला ‘नाजूक पाच’ म्हटले. दशकभरापूर्वी ज्यांच्या उदयाची ग्वाही दिली जात होती, त्यांतील दोन देश या नव्या यादीत होते. सरकारने सोन्यावरील आयात शुल्क वाढवून आणि रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी विशेष सवलत देऊन तो प्रसंग निभावला.

भारत तेव्हा तरला, कारण सरकारचे बहुतांश कर्ज रुपयांत होते. श्रीलंकेला ती सोय नव्हती. यादवी युद्ध संपल्यानंतरच्या तेजीत त्या देशाने डॉलरमधील रोखे काढून पैसा उभा केला आणि एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवण्याची नामुष्की पत्करली. जून २०२४ पासून भारताचे सरकारी रोखे जेपी मॉर्गनच्या उदयोन्मुख बाजार निर्देशांकात समाविष्ट झाले आहेत. कर्ज रुपयांतच राहते आणि नवा पैसा येतो, हा त्याचा लाभ. मात्र आलेला पैसा परत जाण्याचा मार्गही आता अधिक रुंद झाला आहे.

भारताची वही

भारतानेही एक सुगी हातची घालवली आहे. २००३ ते २००८ या काळात वाढदर नऊ टक्क्यांच्या घरात गेला होता. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यामुळे केंद्राची तूट २००७-०८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर आली. पुढच्याच वर्षी, कर्जमाफी, वेतन आयोग, अनुदाने आणि जागतिक मंदी यांच्या एकत्रित भाराने, ती सहा टक्क्यांवर गेली. त्याच तेजीत बँकांनी वीज, पोलाद व रस्ते प्रकल्पांना सढळ हाताने दिलेली कर्जे पुढे थकली. मार्च २०१८ मध्ये बँकांच्या थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक झाले. २०१६ ची दिवाळखोरी संहिता आणि सरकारी बँकांना दिलेले भांडवल यांमुळे ते २०२४ मध्ये तीन टक्क्यांच्या खाली आले. पाच वर्षांच्या भरभराटीचे देणे फेडायला दशक लागले. १९९१ च्या सुधारणाही सोने गहाण टाकल्यावरच सुचल्या होत्या. संकटाने जागे व्हायचे आणि सुबत्तेत झोपायचे, हा आपला परिपाठ राहिला आहे.

आताची सुगी पिकांची किंवा तेलाची नाही, ती माणसांची आहे. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीनुसार काम करू शकणाऱ्या, म्हणजे २० ते ५९ वयाच्या लोकांचे प्रमाण २०४१ च्या सुमारास ५९ टक्के होऊन शिखर गाठेल. त्यानंतर ते उतरू लागेल. विकसित भारताचे उद्दिष्ट २०४७ चे आहे, पण त्यासाठीची सर्वांत मोठी शिदोरी त्याच्या सहा वर्षे आधीच आटू लागणार आहे. २०४७ पर्यंत उच्च उत्पन्न गटात जायचे तर सरासरी ७.८ टक्के वाढदर सातत्याने राखावा लागेल, असे जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटले. प्रिचेट व समर्स यांचा नऊ वर्षांचा दाखला डोळ्यांपुढे ठेवला, की ‘सातत्याने’ या शब्दाचे वजन कळते.

या दृष्टीने रोजगाराचे आकडे चिंताजनक आहेत. श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शेतीवर अवलंबून असलेल्या कामगारांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाले. उदयाला येणाऱ्या देशात माणसे शेतातून कारखान्यात जातात. येथे काही काळ प्रवाह उलटा वाहिला. कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०११ च्या धोरणात होते. तो १७ टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, ही आनंदाची बाब आहे. पण त्यातील मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा, पुष्कळदा घरच्याच शेतातल्या कामाचा आहे.

शिवाय ‘भारत’ ही एकच अर्थव्यवस्था नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे दीडपट, तर बिहारचे सुमारे एक तृतीयांश आहे. त्याच अभ्यासात महाराष्ट्राचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा १५ टक्क्यांहून अधिक होता तो १३.३ टक्क्यांवर आल्याचेही दिसते. पुढारलेल्या राज्यांनाही सुगी कायमची नसते.

कठीण निर्णय कोणाचे?

ब्राझीलचा धडा दिल्लीत व मुंबईत, विशेषतः शासकीय वर्तुळात, अस्वस्थ करणारा आहे. २०२२-२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब व हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या निवृत्तिवेतनाकडे परतण्याचा निर्णय घेतला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी याच मागणीसाठी आठवडाभर संप केला. केंद्राने एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजना आणून मधला मार्ग काढला. आयुष्यभर सेवा केलेल्या कर्मचाऱ्याला बाजाराच्या लहरीवर सोडणे योग्य नाही, ही भूमिका न्याय्य आहे. त्याचबरोबर, आज दिलेल्या हमीची रक्कम २०४१ नंतर, म्हणजे कमावणारे हात कमी होऊ लागल्यावर, भरायची आहे, हेही तितकेच खरे आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या एकूण खर्चाचा चौथा हिस्सा केवळ व्याजासाठी होता.

हाच निकष थेट रोख मदतीच्या योजनांनाही लावावा लागेल. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये देण्यास आरंभ केला. अन्य राज्यांतही तशा योजना आहेत. गरीब स्त्रीच्या हाती पैसा जाणे हे दोषास्पद नाही, आणि ‘बोल्सा फामिलिया’ने ते सिद्धही केले आहे. परंतु तेथे मुलांच्या शिक्षणाची व आरोग्याची अट होती, म्हणजे आजच्या खर्चातून उद्याची कमावती पिढी घडत होती. आपल्या योजनांत तो दुवा बहुतेक ठिकाणी नाही. केंद्राने भांडवली खर्च २०२३-२४ पासून वर्षाला दहा लाख कोटी रुपयांच्या घरात नेला, ही पेव भरण्याची दिशा आहे. राज्यांच्या तिजोऱ्या मात्र वेतन, व्याज व अनुदान यांतच रित्या होत असतील, तर शाळा, न्यायालये आणि महापालिका यांवर खर्च करणार कोण?

भारताने कोणाला कधी मागे टाकले, याचा निकाल लागत राहील. रुपया व येन यांच्या चढउतारानुसार तो बदलतही राहील. त्यातून कोणाच्याही घरी काही येणार नाही. ब्राझीलला २०१० मध्ये आपली वेळ आली आहे असे वाटले होते आणि त्या वर्षी ते खोटेही नव्हते. भारताच्या हाती माणसांच्या सुगीची जेमतेम दीड दशके आहेत. या वर्षांत शेतातून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणाला काम आणि काम करू पाहणाऱ्या स्त्रीला वेतन मिळाले, तर पुढील पिढी भाकिते वाचण्याच्या भानगडीत पडणार नाही. तसे घडले नाही, तर निवृत्तिवेतनापासून व्याजापर्यंतचे सारे हिशेब त्या पिढीला मांडावे लागतील, आणि तेही कमावते हात कमी झाल्यावर.